इंग्लंडच्या कालव्यावर पहिली नॅरोबोट: कागदपत्रं, तपासणी आणि देखभाल

हेज, साउथॉल, स्लाव, रेडिंग, मिल्टन कीन्स, लेस्टर. नोकरीनिमित्त इंग्लंडला आलेली आपली माणसं जिथे राहतात, त्यांतल्या बऱ्याच गावांच्या परसातून कालवा जातो. रविवारी काठाने फिरताना लांबुळक्या, रंगीत लोखंडी बोटी, म्हणजे नॅरोबोटी, दिसतात. छपरावर कुंड्या, लाकडाच्या मोळ्या, एखादी सायकल. मग कुणीतरी घरभाड्याचा हिशोब मांडतं आणि बोट विकत घेण्याचा विषय निघतो. बहुतेकांचा तो घरी पोचेपर्यंत मावळतो. ज्यांचा मावळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर बेतलेलं आहे. कालव्यावर बोट ठेवायला तीन कागद लागतात: सेफ्टी सर्टिफिकेट, विमा आणि लायसन्स. हे तिन्ही हातात असतानाही बोटीचा तळ गंजून कागदासारखा झालेला असू शकतो, कारण यांतला एकही कागद पत्र्याची जाडी सांगत नाही. ते आहेत शेजारच्या बोटींच्या, काठावरच्या माणसांच्या आणि कालव्याच्या संरक्षणासाठी. तुमची बोट तरंगती ठेवणं ही सर्वस्वी तुमची जबाबदारी. ‘सगळे पेपर क्लिअर आहेत’ असं विकणारा सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, पण तुम्ही जे समजता ते तो सांगतही नसतो.

पायरी पहिली: पाणी कुणाचं ते बघा

इंग्लंड आणि वेल्समधले बहुतेक कालवे, सुमारे २,००० मैलांचे, कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट सांभाळतो. २०१२ साली ब्रिटिश वॉटरवेजकडून हे काम त्याच्याकडे आलं. पुढे मी नुसतं ‘ट्रस्ट’ म्हणेन. टेडिंग्टनच्या वरची थेम्स, नीन, ग्रेट ऊझ, मेडवे या नद्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीच्या अखत्यारीत येतात. नॉरफोकच्या ब्रॉड्सचं प्राधिकरण वेगळं, स्कॉटलंडचे कालवे वेगळे. ट्रस्टच्या लायसन्सवर थेम्समध्ये शिरता येत नाही. दोन्ही पाण्यांवर वर्षभर फिरायचं असेल तर ‘गोल्ड लायसन्स’ नावाचं एकत्र लायसन्स मिळतं. या लेखात मी ट्रस्टच्या कालव्यांपुरतंच बोलतोय, कारण नवखे बहुतेक तिथेच सुरुवात करतात.

बोटीच्या मापाचाही विचार इथेच करा. नॅरोबोटीची रुंदी ६ फूट १० इंच, कारण अरुंद कालव्यांवरची लॉक्स, म्हणजे बोट एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर चढवणारे-उतरवणारे दारांचे कप्पे, साधारण सात फुटांची आहेत. लांबी ७० फुटांपर्यंत असते, पण ५७ फुटांची बोट जवळपास सगळ्या जाळ्यात फिरते. त्याहून लांब घेतली की उत्तरेकडची काही लॉक्स तुमच्यासाठी बंद होतात. रुंद, म्हणजे वाइडबीम बोटीत घरासारखी ऐसपैस जागा मिळते; पण ती अरुंद लॉकमध्ये शिरत नाही, तिला लायसन्सचं शुल्क जास्त आणि बांधायला जागाही कमी. एकाच मरिनात, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या धक्क्यावर, कायम राहणार असाल तर ठीक. फिरायचं असेल तर अरुंदच घ्या.

पायरी दुसरी: मालकी आणि सर्व्हे

आपल्याला गाडीच्या आरसी बुकाची सवय. कालव्यावरच्या बोटीला तसं काही नसतं. ट्रस्टचं लायसन्स ज्याच्या नावावर आहे तोच मालक, असं कायदा मानत नाही. मालकी सिद्ध होते ती बिल ऑफ सेलच्या, म्हणजे विक्रीच्या पावत्यांच्या, साखळीवरून: बांधणाऱ्याने पहिल्याला विकली, पहिल्याने दुसऱ्याला, असं करत तुमच्यापर्यंत. मधली एखादी पावती गहाळ असेल तर का गहाळ आहे ते विचारा. बोटीवर मरीन मॉर्गेज, म्हणजे ती तारण ठेवून घेतलेलं कर्ज, आहे का, तेही लेखी विचारून घ्या. १६ जून १९९८ नंतर बाजारात आलेल्या बोटींना रिक्रिएशनल क्राफ्टचे नियम लागू झाले. अशा बोटीवर ओळख क्रमांक कोरलेला असतो आणि सोबत ती नियमांप्रमाणे बांधल्याचं अनुरूपता-पत्र, ओनर्स मॅन्युअल असायला हवं. पुढे विकताना तुमच्याकडेही हेच मागतील, तेव्हा पहिल्या दिवसापासून एक जाड फाइल करा. तीत बिलं, सर्व्हेचे अहवाल, इंजिन सर्व्हिसच्या पावत्या, गॅसच्या कामाच्या नोंदी सगळं ठेवा. फाइल जाड असली की गिऱ्हाईक घासाघीस कमी करतं.

आता सर्व्हे. बोट पाण्याबाहेर काढून स्वतंत्र सर्व्हेयरकडून तपासल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. अपवाद करू नका, विकणारा कितीही गोड बोलला तरी. लोखंडी बोटींच्या जाहिरातीत ‘१०/६/४’ असं लिहिलेलं दिसेल. म्हणजे तळाचा पत्रा १० मिलिमीटर, बाजूंचा ६ आणि केबिनचा ४. हे बांधतानाचे आकडे. वीस-पंचवीस वर्षांनंतर किती उरलंय, ते अल्ट्रासाउंडच्या यंत्राने ठिकठिकाणी मोजावं लागतं. पत्रा ४ मिलिमीटरच्या खाली गेला की विमा कंपन्या कुरकुरू लागतात आणि ‘ओव्हरप्लेटिंग’, म्हणजे जुन्यावर नवा पत्रा वेल्ड करणं, हा मोठा खर्च समोर उभा राहतो. सरासरी जाडीवर समाधान मानू नका. गंज सगळीकडे सारखा पसरत नाही, तो एका जागी खड्डा करत जातो. अहवालात सर्वांत खोल खड्डा कुठे आणि किती, ते शोधा. सर्व्हेयर तुम्ही नेमलेला हवा. विकणाऱ्याने सुचवलेला नको आणि ब्रोकरच्या ओळखीतलाही नको.

पायरी तिसरी: सेफ्टी सर्टिफिकेट

याचं पूर्ण नाव बोट सेफ्टी स्कीम. बोलताना सगळे ‘बीएसएस’ म्हणतात. स्कीमकडे नोंदवलेला परीक्षक येतो, बोट तपासतो, पास झाली तर चार वर्षांचं सर्टिफिकेट मिळतं. अनुरूपता-पत्र असलेल्या नव्याकोऱ्या बोटीला पहिली चार वर्षं सूट असते. परीक्षकांची फी ठरलेली नसते, त्यामुळे दोघातिघांना विचारा. कशाकशाची तपासणी होते त्याची पूर्ण मार्गदर्शिका स्कीमच्या संकेतस्थळावर फुकट आहे. ती वाचून बोटीवर एक फेरी मारलीत तर नापास होण्याची बहुतेक कारणं आधीच निकालात निघतात, कारण ती बहुधा किरकोळ असतात.

परीक्षक पाहतो ते आग, स्फोट आणि प्रदूषण यांच्या बाजूने. गॅसच्या टाक्या जिथे ठेवता ते लॉकर केबिनपासून बंद आहे का आणि त्याच्या तळाचं भोक बोटीबाहेर उघडतं का? गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर जात नाही, तळाशी साचतो, आणि बोटीच्या तळातून त्याला आपोआप बाहेर पडायला वाट नसते. म्हणून ते भोक. लॉकरमध्ये दोरखंड, पालापाचोळा साठून भोक बुजलं की नापास. मग गॅसची रबरी नळी चिरलेली किंवा जुनाट झाली आहे का, गॅस गळतो का, बॅटऱ्या जागच्या हलणार नाहीत अशा बांधलेल्या आहेत का, बॅटरीचा मुख्य स्विच सहज हाताला येतो का, वायर कुठे घासतेय का, इंजिनाखालचा तेलाचा ट्रे गळका नाही ना. डिझेल भरण्याच्या तोंडावर ‘डिझेल’ असं लिहिलेलंच हवं. बोटीवर पाण्याचं, डिझेलचं आणि संडासाच्या टाकीचं तोंड शेजारी शेजारी असतं, आणि डिझेलच्या टाकीत पाण्याची नळी सोडून मोकळे झालेले लोक प्रत्येक कालव्यावर भेटतात.

अग्निशामक किती हवेत ते लांबीवर अवलंबून आहे. ११ मीटरच्या वरच्या बोटीला, म्हणजे सुमारे ३६ फुटांच्या पुढे, किमान तीन लागतात आणि त्यांची एकत्रित क्षमता किमान १५ए/१०२बी असावी लागते. हे आकडे सिलिंडरवरच छापलेले असतात. स्वयंपाकाच्या ओट्याजवळ फायर ब्लँकेट हवं. ते शेगडीच्या मागच्या भिंतीवर टांगू नका. कढईने पेट घेतला तर ज्वाळांवरून हात घालावा लागेल.

गॅसचं काम स्वतः करायचं नाही, हेही इथेच सांगतो. जी बोट तुमचं मुख्य घर आहे किंवा भाड्याने दिलेली आहे, तिच्यावर गॅसचं काम करायला गॅस सेफ रजिस्टरवरचा, म्हणजे गॅसच्या कामाची अधिकृत नोंदणी असलेला, आणि त्यातही बोटींवरच्या एलपीजीची पात्रता असलेला माणूस लागतो. घरातल्या बॉयलरला हात लावणारा प्रत्येक जण बोटीला चालतो असं नाही. ओळखपत्राच्या मागच्या बाजूला त्याला कशाची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं, निःसंकोच पाहायला मागा. आणखी एक: गॅस लाल टाकीतला, म्हणजे प्रोपेन घ्या. निळ्या टाकीतला ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायूच होत नाही, आणि जानेवारीच्या सकाळी चहाचं आधण ठेवताना हे कळणं फार त्रासाचं.

बीएसएस पास झाली म्हणजे इंजिन चांगलं, तळ शाबूत, असा अर्थ काढू नका. परीक्षकाने त्या दिवशी, त्या यादीपुरतं पाहिलेलं असतं.

पायरी चौथी: विमा

ट्रस्टची अट किमान २० लाख पाउंडांच्या थर्ड पार्टी विम्याची आहे. तेवढाच घेतला तर लायसन्स मिळतं, पण तुमची बोट बुडाली तर तुम्हाला छदाम मिळत नाही. पॉलिसी निवडताना दोन शब्द शोधा: ‘रेक रिमूव्हल’. बुडालेली बोट कालव्यातून वर काढण्याचा खर्च मालकावर येतो. सुमारे पंधरा-वीस टनांचं लोखंड, क्रेन, वाहतूक, तेल सांडलं असेल तर त्याची सफाई. स्वस्त पॉलिसीत हे आहे की नाही ते पाहा. ठराविक वयाच्या पुढच्या बोटींना बऱ्याच कंपन्या पाण्याबाहेरचा ताजा सर्व्हे मागतात. वयाची ही रेघ प्रत्येक कंपनीची वेगळी. तुम्ही बोटीवर राहणार असाल तर तसं स्पष्ट सांगा. शनिवार-रविवारच्या बोटीचा विमा घेऊन त्यावर बारा महिने संसार करणं म्हणजे दावा करताना कंपनीच्या हातात आयतं कोलीत देणं.

पायरी पाचवी: लायसन्स, आणि ‘तुमची बोट राहते कुठे?’

१९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याप्रमाणे तीन अटी पूर्ण झाल्या तर ट्रस्ट लायसन्स देतो. दोन वर आल्या. तिसरी जागेची. एक तर बोटीला ठरलेली जागा, म्हणजे होम मुरिंग असायला हवी, मरिनात किंवा काठावर. नाहीतर बोट खरोखर फिरती असायला हवी, एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त न थांबता, फार तर परिस्थितीनुसार वाजवी म्हणता येईल इतकंच जादा. या दुसऱ्या प्रकाराला ‘कंटिन्युअस क्रूझर’ म्हणतात.

मुरिंगचं भाडं वाचतं म्हणून बरेच नवखे दुसरा प्रकार निवडतात. निवडा, पण डोळे उघडे ठेवून. दर पंधरवड्याला बोट हलवायची म्हणजे पावसात, थंडीत, ऑफिसच्या आठवड्यातही हलवायची. त्याच दोन पुलांमध्ये मागेपुढे करणं फिरणं धरलं जात नाही. किती मैल, हे कायद्यात लिहिलेलं नाही, पण बोट कुठे दिसली याच्या नोंदी ट्रस्टची माणसं घेत असतात. मुलं शाळेत असतील, रोज त्याच स्टेशनवरून गाडी पकडायची असेल, तर हे गणित जमत नाही. शिवाय एप्रिल २०२४ पासून होम मुरिंग नसलेल्या बोटींच्या लायसन्सवर अधिभार सुरू झाला आहे. तो टप्प्याटप्प्याने वाढत २०२८ मध्ये २५ टक्क्यांवर जायचा आहे.

लायसन्स मिळालं की बोटीचा क्रमांक दोन्ही बाजूंना दिसेल असा लावा. लायसन्स संपू दिलंत तर प्रकरण १९८३ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याच्या कलम ८ पर्यंत जाऊ शकतं, म्हणजे ट्रस्ट बोट उचलून नेऊ शकतो. पत्रांना उत्तर न देणाऱ्यांवर ही वेळ येते. अडचण असेल तर आधी फोन करा.

बोट चालवायला मात्र खासगी मालकाला परवाना लागत नाही. तरी आरवायएचा, म्हणजे रॉयल यॉटिंग असोसिएशनचा, अंतर्देशीय जलमार्गांचा हेल्म्समन कोर्स करा, एकदोन दिवसांचा असतो. कालव्यावर वेगमर्यादा ताशी ४ मैल आहे, बांधलेल्या बोटींजवळून जाताना त्याहूनही कमी. काठाला बोट बांधलेली असताना रात्री ८ ते सकाळी ८ इंजिन किंवा जनरेटर चालवायचा नाही.

इंजिनाची खोली

इथून पुढे कागद संपले आणि बोट सुरू झाली.

निघण्याआधी रोज पाच मिनिटं मागची फळी उचला. तेल, कूलंट, पट्ट्याचा ताण, आणि तळात पाणी किती. बहुतेक नॅरोबोटींत इंजिन थंड करायला कालव्याचं पाणी आत घेत नाहीत. बंद नळ्यांतलं कूलंट बोटीच्या बाजूला वेल्ड केलेल्या ‘स्किन टँक’मधून फिरतं आणि कालव्याचं पाणी बाहेरून त्याला थंड करतं. त्यामुळे त्यात अँटीफ्रीझ नेमाने हवं.

मागून पंख्याकडे, म्हणजे प्रोपेलरकडे, जाणारा दांडा जिथून बोटीबाहेर पडतो तिथे स्टर्न ग्लँड, म्हणजे पाणी अडवणारं पॅकिंगचं बूच, असते. चालताना तिथून एखाददुसरा थेंब पडणं चालतं. बोट थांबल्यावरही थेंब पडत असतील तर काहीतरी करायला हवं. दिवस संपला की ग्रीसरची, म्हणजे ग्लँडमध्ये ग्रीस दाबणाऱ्या नळकांड्याची, मूठ घट्ट लागेपर्यंत फिरवायची, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. तरीही गळत असेल तर दोन्ही नट समसमान, अगदी थोडे आवळा. जास्त आवळले तर दांडा तापतो. आवळायला जागाच उरली नसेल तर आतलं पॅकिंग बदलायची वेळ झाली, ते पहिल्यांदा जाणकाराकडून करून घ्या.

बोटी बुडतात त्या अशाच संथ गळतीने. ग्लँडमधून पाणी येत राहतं, बिल्जमधला, म्हणजे बोटीच्या तळातला, पंप ते बाहेर फेकत राहतो, पंपाला लागते बॅटरी, आणि हिवाळ्यात सोलर पॅनेल काही देत नाही. बॅटरी मेली की पंप थांबतो. पाणी थांबत नाही. म्हणून पंप चालतो एवढ्यावर खूश होऊ नका. तो किती वेळा चालतो ते मोजा. आणि तळातलं पाणी तेलकट असेल तर ते कालव्यात फेकायचं नाही, आधी तेल शोषणारे पॅड टाकून टिपून घ्या.

वीड हॅच म्हणजे पंख्याच्या बरोबर वरची झडप. प्लास्टिकच्या पिशव्या, दोऱ्या, आणि हो, साउथॉलच्या आसपास साड्याही पंख्यात अडकतात. त्या इथून हात घालून काढायच्या. आधी इंजिन बंद, किल्ली खिशात, मगच हात. काम झालं की झाकण जागेवर बसवून पक्कं आवळा आणि निघण्याआधी, झाकणावर नजर ठेवून, गिअरमध्ये थोडा जोर देऊन पाहा. सैल राहिलं तर पंखा कालव्याचं पाणी थेट इंजिनाच्या खोलीत ढकलतो आणि काही मिनिटांत बोट मागून खाली बसते.

डिझेलबद्दल: हिवाळ्यात टाकी भरलेली ठेवा. रिकाम्या जागेत दमट हवा थंड होते, पाणी धरतं, आणि पाणी व डिझेलच्या सीमेवर जिवाणू-बुरशीचा काळा चिकट गाळ वाढतो, तो फिल्टर बंद पाडतो. पंपावर ‘सिक्स्टी-फॉर्टी?’ असं विचारतील. कालव्यावर लाल, म्हणजे कमी कराचं डिझेल मिळतं. बोट चालवण्याच्या वाट्यावर पूर्ण कर आणि वीज-उष्णतेच्या वाट्यावर कमी. तो वाटा तुम्ही जाहीर करायचा असतो. साठ टक्के चालवायला, चाळीस वीज-उष्णतेला हा प्रघात आहे, सक्ती नाही. खरं असेल ते सांगा.

ब्लॅकिंग

कोकणात नारळी पौर्णिमेआधी ओढून ठेवलेल्या होड्यांची डागडुजी, रंगरंगोटी चाललेली असते. इथेही तेच, फक्त दर दोन-तीन वर्षांनी. बोट ड्राय डॉकमध्ये, म्हणजे पाणी काढून टाकता येणाऱ्या गोदीत, घ्यायची किंवा क्रेनने उचलायची आणि पाण्याखालच्या लोखंडाला काळा डांबरी लेप द्यायचा. उन्हाळ्याचे डॉक फार आधी भरतात, हिवाळ्यातच नाव नोंदवा.

बोट वर आली की त्याच दिवशी प्रेशर वॉशरने धुवा. शेवाळ आणि शिंपले वाळले की खरवडून हात मोडतात. धुऊन झाल्यावर लगेच ब्रश हातात घेऊ नका. फिरून पत्रा पाहा, खड्डे खडूने खुणावा, फोटो काढा. सुकाणूचं खालचं टेकण झिजलंय का, पंख्याची पाती वाकलीत का, हे पाहायची हीच संधी. मग दोन-तीन हात द्या. पाण्याच्या रेषेपाशी एक जादा, कारण हवा आणि पाणी जिथे भेटतात तिथेच लोखंड सर्वांत लवकर खाल्लं जातं. तळाला लेप द्यायचा की नाही यावर दोन पक्ष आहेत. जुने लोक म्हणतात तळाशी प्राणवायू कमी, सोडून द्या. मी देण्याच्या पक्षाचा आहे, डॉकमध्ये खाली शिरायला जागा असेल तर.

बिटुमेनऐवजी, म्हणजे या डांबरी लेपाऐवजी, दोन घटकांचा इपॉक्सी लेप दिला तर तो कितीतरी जास्त वर्षं टिकतो. पण तो जुन्या बिटुमेनवर चढत नाही. आधी ग्रिट ब्लास्टिंग, म्हणजे खरखरीत कणांचा जोरदार मारा, करून लोखंड पूर्ण उघडं करावं लागतं, आणि खरा खर्च तिथे आहे.

बाजूला वेल्ड केलेले धातूचे ठोकळे दिसतील ते ॲनोड. बोटीच्या लोखंडाऐवजी स्वतः झिजणं हे त्यांचं काम. गोड्या पाण्यात ते मॅग्नेशियमचे हवेत. त्यांच्यावर लेप लावू नका. ब्रश फिरवण्याच्या भरात लोक त्यांनाही काळं करून टाकतात आणि मग ते नुसते टांगलेले राहतात. मरिनात विजेची जोडणी घेणार असाल तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवा. तो नसेल तर अर्थिंगच्या तारेतून तुमची आणि शेजाऱ्याची बोट मिळून एक बॅटरी बनते आणि कुणाचं तरी लोखंड झिजतं, बहुधा तुमचं.

स्टोव्ह आणि कार्बन मोनॉक्साइड

या भागावर घाई करू नका. बोट म्हणजे छोटी, बंद, नीट इन्सुलेट केलेली पेटी, आणि तिच्यात तुम्ही रात्रभर कोळसा जाळता. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते. ताप नसलेल्या फ्लूसारखं वाटतं आणि झोप लागते. २०१३ च्या ईस्टरला विंडरमिअर सरोवरावर आर्निस्टन नावाच्या मोटरबोटीत मायलेकींचा असाच अंत झाला. पेट्रोल जनरेटरची जुगाड करून बसवलेली धुराची नळी निखळली होती. बोटीवर कार्बन मोनॉक्साइडचे, म्हणजे सीओ अलार्म होते, पण त्यांना वीज जोडलेली नव्हती.

१ एप्रिल २०१९ पासून केबिन असलेल्या बोटींना बीएसएससाठी सीओ अलार्म सक्तीचा आहे. घेताना बीएस ईएन ५०२९१-२ हा क्रमांक पाहा, तो बोटी आणि कॅरॅव्हॅनसाठीचा आहे. स्टोव्ह आहे त्या खोलीत एक, झोपता तिथे एक. त्याला मुदत असते, मागच्या बाजूला तारीख असते. धुराचा अलार्मही लावा. दर आठवड्याला दोन्हींची बटणं दाबा.

स्टोव्हच्या दाराच्या कडेची, धूर अडवणारी दोरी सैल झाली तर बदला, काच तडकली तर स्टोव्ह पेटवू नका, धुराडं हिवाळ्याआधी आणि मध्ये एकदा झाडा. राख विझल्यासारखी दिसली तरी तासन्‌तास धुमसते, बादली केबिनमध्ये किंवा झाकलेल्या डेकवर ठेवायची नाही. पेट्रोल जनरेटर केबिनमध्ये, डेकच्या ताडपत्रीखाली किंवा उघड्या खिडकीजवळ कधीच नको. त्याचं पेट्रोलही गॅससारखंच, बाहेर उघडणाऱ्या लॉकरमध्ये. आणि थंडी वाजते म्हणून छपरावरच्या वायुवीजनाच्या भोकांत मोजे कोंबू नका. हे करणारे लोक आहेत, म्हणून लिहिलं.

डिसेंबरात भारतात जाताना

आपल्याकडच्या मालकांचा हा खास प्रश्न. आपण तीन-चार आठवडे घरी जातो ते नेमके गोठवणाऱ्या थंडीत, आणि बोट एकटी राहते.

फिरती बोट असेल तर १४ दिवसांची अट सुट्टीला माफ नाही. ट्रस्ट नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळासाठी हिवाळी मुरिंग विकतो, ती शरद ऋतूतच संपतात. नाहीतर एखाद्या मरिनात महिनाभर जागा घ्या. तिकीट काढाल त्याच आठवड्यात हे करून टाका.

पाण्याचा पंप बंद करून सगळे नळ उघडा आणि ते उघडेच ठेवा. गरम पाण्याची टाकी, शॉवरचा नळ आणि बंबाच्या नळ्या रिकाम्या करा, कारण गोठलेलं पाणी पितळी जोड फोडतं आणि ते तुम्हाला वितळल्यावर कळतं. कित्येक पॉलिसींमध्ये हिवाळ्यात पाणी काढून ठेवण्याची अट असते. केल्याचा फोटो काढून ठेवा. कूलंटमधलं अँटीफ्रीझ तपासा. गॅस टाकीवरच बंद करा. संडासाची कॅसेट एल्सन पॉइंटवर, म्हणजे ती रिकामी करण्याच्या ठरलेल्या जागी, रिकामी करून या, महिनाभराने ती उघडण्याचा अनुभव कुणी घेऊ नये. ग्रीसर फिरवा, बिल्ज कोरडं पुसा म्हणजे परतल्यावर किती पाणी आलं ते कळेल. बिल्ज पंपाची बॅटरी पूर्ण भरा आणि बाकीची वीज मुख्य स्विचने तोडा. बिल्ज पंपाची तार त्या स्विचच्या आधी जोडलेली आहे ना, हे आधीच पाहून ठेवा. दोर थोडे सैल बांधा, कालव्याची पातळी उतरते-चढते आणि ताठ बांधलेली बोट एका अंगावर कलते.

लायसन्स, विमा आणि बीएसएसच्या तारखा तुमच्या रजेच्या मधे येत नाहीत ना ते पाहा. शेवटी शेजारच्या बोटीवरच्या माणसाला किल्ली द्या, तुमचा भारतातला नंबर द्या, आणि पंप सारखा चालताना ऐकू आला तर कुठल्या वेळीही फोन कर असं सांगा.